साडेसहा तासांची विस्मृती: ‘द केअरटेकर’चा शेवटचा मोठा अल्बम कसा ऐकायचा

‘एव्हरीव्हेअर ॲट द एन्ड ऑफ टाइम’ हे नाव बहुतेकांच्या कानावर पडले ते २०२० च्या ऑक्टोबरच्या आसपास. टिकटॉकवर तेव्हा एक पैज चालू होती: स्मृती हळूहळू पुसली जाण्यावरचा साडेसहा तासांचा हा अल्बम एका बैठकीत संपवायचा आणि मग आपली काय अवस्था झाली ते कॅमेऱ्यासमोर सांगायचे. आपल्याकडे टिकटॉकवर जूनमध्येच बंदी आली होती, त्यामुळे इथे ज्यांनी तो ऐकला त्यांनी बहुधा यूट्यूबवर ऐकला. सगळ्यांत भीतिदायक अल्बम अशी पाटी त्याला लागली ती अजून निघालेली नाही. ती अगदीच खोटी नाही. पण तिच्यामुळे लोक शेवटचे चार तास ऐकायला धावतात आणि पहिले दोन तास कसेबसे उरकतात. सगळी पेरणी त्या पहिल्या दोन तासांत आहे. तिथल्या चाली कानात बसल्या नाहीत, तर पुढे त्या हरवल्या हे कळतच नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो.

हा केअरटेकर कोण

अँबियंट म्हणजे ताल धरायला न लावणारे, खोलीभर पसरून राहणारे इलेक्ट्रॉनिक संगीत. ब्रायन ईनोने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून एक अल्बम काढला तेव्हापासून हे नाव रूढ झाले. ‘द केअरटेकर’ हा त्याच घराण्यातला, पण वेगळ्या वाटेने गेलेला प्रकल्प. तो एकाच माणसाचा आहे, इंग्लंडच्या लेलँड कर्बीचा. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९८० च्या ‘द शायनिंग’ चित्रपटात ओसाड हॉटेलच्या नाचघरात जुन्या जमान्यातल्या भुतांचा बँड वाजतो, आणि चित्रपटाचा नायक त्या हॉटेलचा केअरटेकर असतो. नाव तिथून आले. त्या चित्रपटातले गाणे अल बोल्ली या गायकाचे, १९३४ चे. हा बोल्ली आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

पहिला अल्बम १९९९ चा. १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या नाचाच्या गाण्यांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या तबकड्या घ्यायच्या, त्यांतला तुकडा कापून पुन्हा पुन्हा घोळवायचा आणि तो लांबच्या खोलीतून येतोय असा घुमारा द्यायचा, ही पद्धत तेव्हाच ठरली. २००५ च्या सुमारास विषय भुतांकडून स्मृतीकडे वळला. शब्द सुरात बांधून दिले तर अल्झायमरच्या रुग्णांच्या ते जास्त लक्षात राहतात, असे सांगणारे एक संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच्या प्रेरणेतून २०११ चा ‘ॲन एम्प्टी ब्लिस बियाँड धिस वर्ल्ड’ आला आणि कर्बीला मोठा श्रोतावर्ग मिळाला. त्यानंतर त्याने ठरवले की आता प्रकल्पालाच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होईल. तो टप्प्याटप्प्याने विसरत जाईल आणि शेवटी संपेल.

सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१९ या काळात ‘एव्हरीव्हेअर ॲट द एन्ड ऑफ टाइम’चे सहा टप्पे साधारण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने निघाले. मधली वाट पाहणे हाही रचनेचाच भाग होता. आता सगळे एका लांबलचक व्हिडिओत मिळते, त्यात ती गोष्ट हरवली आहे.

सहा टप्प्यांत काय होते

पहिल्या टप्प्याचा पहिला तुकडा ‘इट्स जस्ट अ बर्निंग मेमरी’. मूळ गाणे ‘हार्टेक्स’, अल बोल्लीचे १९३१ चे ध्वनिमुद्रण. कर्बीने त्यातला वाद्यांचा भाग घोळवला आहे. हा तुकडा किमान तीनदा ऐका, गुणगुणता येईपर्यंत. बोल्ली १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात मेला, हे माहीत असले तर ऐकताना आणखी एक पापुद्रा चढतो, पण त्याची गरज नाही.

पहिल्या टप्प्यात १२ तुकडे, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १६. हे तिन्ही मिळून दोन तासांहून थोडेच जास्त. पहिला टप्पा जवळजवळ सुखाचा आहे: जुनी तबकडी, थोडी खरखर, थोडा घुमारा. दुसऱ्यात तबकड्या जास्त झिजलेल्या वाटतात, चाली जड आणि उदास होतात, तुकडे लांबतात. काहीतरी बिघडते आहे हे बिघडणाऱ्यालाही कळते आहे, असा तो टप्पा. ‘हार्टेक्स’ची चाल इथे मंद होऊन परत येते.

तिसरा टप्पा कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत चांगला. आधीच्या चाली परत येतात, पण एकीचे शेपूट दुसरीला लागलेले, काही मध्येच तुटलेल्या. तुकड्यांची नावेही तशीच: आधीच्या नावांतले शब्द उचलून भलत्याच क्रमाने जोडलेले. ‘अँड हार्ट ब्रेक्स’ या तुकड्यात पितळी वाद्ये खरखरीत विरघळू लागतात. चाल ओळखू येते, पण ती शेवटचीच. कर्बीच्याच वर्णनानुसार पूर्ण गोंधळ माजण्याआधीच्या या शेवटच्या सुसंगत आठवणी.

चौथ्या-पाचव्यात नावांतली कविता जाते आणि दवाखान्याची भाषा येते. इथून पुढे तुकडे टप्प्यागणिक चारच, प्रत्येक वीस मिनिटांच्या आगेमागे. एकेक टप्पा जवळपास दीड तासाचा. चौथ्यातल्या चार तुकड्यांपैकी तिघांचे नाव एकच, ‘पोस्ट अवेअरनेस कन्फ्यूजन्स’. दहावीस चालींचे तुकडे एकमेकांवर आदळतात, उलटे वाजतात, एखादी ओळखीची सुरावट दोन सेकंद वर येते आणि बुडते. तिसरा तुकडा मात्र ‘टेम्पररी ब्लिस स्टेट’: अचानक शांत, गोड, पण आकार नसलेला. पाचवा टप्पा अधिक दाट आणि, खरे सांगायचे तर, गरजेपेक्षा लांबलेला. त्यातल्या ‘सिनॅप्स रेट्रोजेनेसिस’ या नावात रेट्रोजेनेसिस ही संकल्पना आहे. लहानपणी ज्या क्रमाने क्षमता येतात त्याच्या उलट क्रमाने त्या जातात, अशी ती मांडणी.

सहाव्या टप्प्याला कर्बीने वर्णनच दिले नाही. वर्णन नाही एवढेच लिहिले. संगीत जवळजवळ उरत नाही, खर्जातला घों घों, हवा, दूरची खरखर. शेवटच्या ‘प्लेस इन द वर्ल्ड फेड्स अवे’ या तुकड्यात अखेरच्या काही मिनिटांत सुई ठेवल्याचा आवाज येतो आणि समूहगान सुरू होते, स्पष्ट आणि ओळखण्याजोगे. पूर्वी जर्मन संगीतकार बाखच्या नावावर असलेल्या एका पॅशनमधला, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांवरच्या गेय रचनेतला तो भाग आहे, आणि कर्बीने तो १९९९ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्येही वापरला होता. मग एक मिनिट पूर्ण शांतता. काही श्रोते याला मृत्यूपूर्वी क्षणभर येणारी शुद्ध मानतात, काही नुसता मृत्यू. दोन्ही बसतात.

मुखपृष्ठे आयव्हन सील या चित्रकाराची. ओळखू येतील-न येतील अशा वस्तूंपासून सुरुवात होते, आणि सहाव्यावर उरतो फक्त चिकटपट्टी लावलेला कोरा पुठ्ठा.

श्रोत्यांनी काय केले

२०१६ मध्ये घोषणा झाली तेव्हा काही माध्यमांनी कर्बीलाच डिमेन्शिया झाला अशी बातमी दिली. तसे नव्हते, आजारी होता तो कल्पित केअरटेकर. पहिल्या टप्प्यावर समीक्षक साशंक होते, कारण एवढ्या भयंकर आजाराला जुन्या गोड गाण्यांचा मुलामा देणे काहींना खटकले. पुढचे टप्पे येत गेले तसा तो आक्षेप बराच मावळला, कारण गोडवा उरलाच नाही.

२०२० ची लाट वेगळी. पंधरा-वीस वर्षांच्या मुलांनी तो ऐकला, पैजेपोटी का होईना. त्यातले बरेच जण नंतर आजी-आजोबांबद्दल बोलू लागले. डिमेन्शियाच्या काळजीवाहकांना शिकवणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या प्रमुखाने, या संगीतातून लागते ती सहानुभूती तयार होते, असे मत दिले. दुसऱ्या बाजूला भुताखेतांच्या कथा, मीम, ‘ऐकलास तर वेडा होशील’ छापाच्या अफवा. कर्बीला तरुणांचे ऐकणे आवडलेच.

एक आक्षेप मात्र टिकून आहे, आणि तो रास्त आहे. प्रत्यक्षात डिमेन्शियाच्या रुग्णात संगीताची आठवण बहुधा उशिरापर्यंत टिकते. नातवाचे नाव जाते, पण अभंगाची दुसरी ओळ तोंडातून येते. अल्बममध्ये उलटे आहे, तिथे संगीतच विरघळते. शिवाय खरा रुग्ण रागावतो, हसतो, भांडतो, जेवतो. तो नुसती खरखर होऊन बसत नाही. आजाराचे असे सहा ठरीव टप्पेही नसतात. डॉक्टर सहसा सौम्य, मध्यम आणि तीव्र एवढेच बोलतात, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. म्हणून याला आजाराचा नमुना समजू नये. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीवर केलेला हा प्रयोग आहे: आधी आठवण घालायची, मग ती काढून घ्यायची.

इंग्रज श्रोत्याला त्या नाचगाण्यांतून आजोबांचा काळ आठवतो, आपल्याला नाही. हा तोटा वाटतो, पण आपली पाटी कोरी असते आणि जी आठवण तयार होते ती पूर्णपणे अल्बमनेच तयार केलेली असते. आपली तबकडी घेऊन हेच केले तर काय होते, ते खालच्या भागात.

तबकडीपासून सुरुवात

बेळगाव परिसरात हे करून पाहण्यासारखी सामग्री अजून सापडते. अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे; नाट्यपदांच्या तबकड्या खानापूर, निपाणी, बेळगावच्या जुन्या घरांत माळ्यावर निघतात, कानडी गाण्यांच्या तबकड्यांसोबत. कुमार गंधर्व १९२४ मध्ये सुळेभावीला जन्मले, आणि लहान वयात तबकड्या ऐकून मोठ्या गवयांची गायकी हुबेहूब उतरवायचे. तबकडीतून स्मृती आत शिरण्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

७८ ची तबकडी लाखेची: लाख, दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे तंतू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, म्हणून पदेही तेवढ्यात कोंबलेली. भुकटी घातलेली असल्याने नवी असतानाही ती खरखरते. पडली की फुटते, उन्हात ठेवली की वाकते. इकडच्या पावसाळ्यात कागदी वेष्टनाला बुरशी धरते आणि ती चरांत उतरते. वेष्टने बदला आणि तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

धुताना डिस्टिल्ड पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. ब्रश चरांच्या दिशेने फिरवायचा, मधला कागदी शिक्का कोरडा ठेवायचा, सावलीत वाळवायचे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि तबकडीचा पृष्ठभाग कायमचा जातो. सर्वांत जास्त तबकड्या याच चुकीने मरतात.

वाजवताना ७८ ची वेगळी सुई लागते, टोक सुमारे ७६ मायक्रॉनचे. एलपीची, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची सुई २५ मायक्रॉनची असते. ती रुंद चराच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तिथली घाण वाचते. सुईचा तबकडीवरचा भार ३ ते ५ ग्रॅम. चावीच्या फोनोवर लोखंडी सुई असेल तर एका बाजूला एक सुई, दुसऱ्या बाजूला नवी. दुर्मीळ तबकडी त्यावर लावूच नका. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्के वाढवा. ३३⅓ वर घेतले असेल तर १३४ टक्के. खर्ज-तार थोडे बिघडतील, ते कानाने जुळवून घ्या. मुद्रण स्टिरिओत करून मग दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करा. सुईच्या वरखाली हलण्याने येणारी खरखर त्याने बरीच कमी होते. पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, तबकडीतला एखादा टणत्कार अचानक उसळतो.

आता टप्पे. पहिल्यासाठी पदातला २० ते ३० सेकंदांचा तुकडा घ्या, समेपासून समेपर्यंत. सांध्यावर २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट विरत असतानाच सुरुवात वर येऊ द्या, नाहीतर प्रत्येक फेरीला टक असा आवाज येतो. खरखर काढू नका. नॉइज रिडक्शन लावले की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो, आणि तसा तो करायचाच असेल तर पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा काळ दोन सेकंद पुरे.

दुसऱ्यात वेग सुमारे ११ टक्के कमी करा. स्वर दोन अर्धस्वर उतरतो, म्हणजे काळी दोनचे पद काळी एकवर येते. गायक तोच, पण थकलेला वाटतो. ३००० हर्ट्झच्या वरचा भाग कापा.

तिसऱ्यासाठी ताल मोडा. त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन तेराव्या मात्रेवर कापून परत पहिलीवर आणा. ताल ज्याच्या हाडात आहे त्याचा हात इथे मांडीवर पडता पडता अडखळतो. विलायती नाचगाण्यापेक्षा हे आपल्या संगीतात जास्त बोचते, कारण आपण समेची वाट पाहत असतो.

चौथ्यात तीन लूप, म्हणजे घोळवलेले तुकडे, एकावर एक: ७, ११ आणि १३ सेकंदांचे. हे तिन्ही १००१ सेकंदांनी, म्हणजे १६ मिनिटे ४१ सेकंदांनीच पुन्हा एकत्र सुरू होतात, त्यामुळे पाव तास तरी तीच मांडणी परत येत नाही. तिन्ही वेगवेगळ्या पट्टीतले घ्या, षड्ज एकमेकांशी भांडले पाहिजेत. एखादा उलटा वाजवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तिन्हींची पातळी सारखी ठेवणे. मग नुसता बाजार होतो. एक लूप इतरांपेक्षा ६ डेसिबल वर ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी तो मान दुसऱ्याला द्या. पाचवा म्हणजे हेच, ८०० हर्ट्झच्या वरचा भाग कापलेले, रिव्हर्ब सहा सेकंदांचा.

सहाव्यासाठी ऑडॅसिटीतले पॉलस्ट्रेच हे आवाज ताणून लांबवणारे साधन वापरा: ताण २० पट, टाइम रिझोल्यूशन ०.२५ सेकंद. तीन मिनिटांच्या पदाचा एक तास होतो, आणि शब्द, ताल, तान सगळे जाऊन फक्त रागाचा रंग शिल्लक राहतो.

ऐकताना

मोबाइलच्या स्पीकरवर सहावा टप्पा लावला तर अल्बम बंद पडला असे वाटते. तो स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही. हेडफोन घ्या आणि आवाज पहिल्या टप्प्याला जुळवून मग हलवू नका. सहाव्यात वाढवायचा मोह होतो, तो टाळा. एका रात्रीत संपवू नका. पहिले तीन टप्पे एका बैठकीत, नंतर रोज एक. यूट्यूबवर मध्येच जाहिरात लागली तर पाचव्या टप्प्याचे वाटोळे होते, म्हणून उतरवून घेतलेली प्रत बरी.

घरात कोणी या आजाराने नुकतेच गेले असेल, किंवा आत्ता आजारी असेल, तर घाई करू नका. आणि रुग्णाला हा अल्बम कधीही ऐकवू नका. त्यांच्यासाठी त्यांच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांतली गाणी लावा, कारण त्या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट असतात. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, मध्यम आवाजात, टीव्ही बंद करून. सीमाभागात हे निवडताना दोन्ही भाषांचा विचार करा. सांगली आकाशवाणी ऐकत वाढलेल्याला भावगीत लागेल, धारवाड आकाशवाणी ऐकत वाढलेल्याला कानडी वचन. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते, त्यामुळे आयुष्यभर कचेरीत एक भाषा बोललेला माणूस दुसऱ्याच भाषेतले गाणे म्हणू लागला तर चकित होऊ नका.

साडेसहा तास जास्त वाटत असतील तर २०११ चा ‘ॲन एम्प्टी ब्लिस’ आधी घ्या. तो पाऊण तासाचा आहे, आणि त्यातले काही तुकडे ऐन भरात असताना एकदम थांबतात.

स्वतः केलेले काम जालावर टाकणार असाल तर हक्क तपासा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९५० ची तबकडी २०१० च्या अखेरीस मोकळी झाली. पण पदाचे शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, कवी-संगीतकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. दोन्ही मोकळे असले तरी यूट्यूबवर कधी कधी स्वयंचलित दावा येतो, कारण त्याच जुन्या मुद्रणाची नवी आवृत्ती कुठल्यातरी कंपनीने टाकलेली असते. अशा वेळी तबकडीच्या शिक्क्याचा स्वच्छ फोटो, तिचा क्रमांक आणि वर्षाचा पुरावा जवळ असला की हरकत नोंदवता येते. म्हणून धुण्याआधीच शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.